फळीवरचं औषध

आमच्या घरात औषध कशाला म्हणत नव्हते ते विचारा. खोकल्याचा काढा ते औषध, ढेकणांवर मारायचं ते औषध, उंदरांच्या बिळाशी ठेवायच्या गोळ्या तेही औषध आणि म्हशींच्या गोचडांना लावायची पावडर तेही औषधच. जगवायचं आणि मारायचं, दोन्हीला शब्द एक आणि ठेवायची जागाही एक, चुलीवरची धुरानं काळी झालेली फळी. मी आता सत्तरी ओलांडली. माझी धाकटी बहीण शालन जाऊन साठ वर्षं होत आली. ती कशी गेली हे आमच्या भावकीत सगळ्यांना पाठ आहे. आई नुसतं औषध म्हणाली, थोरलीनं भलतंच लावलं, लहान होती, तिला काय कळतंय! एवढी वर्षं मीही हेच सांगत आले. ते खोटं आहे. हे प्रकरण मी दोनदा लिहून फाडलं, आता फाडणार नाही.

शिवाजी पेठेत तालमीमागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं गोठा. खरं सांगायचं तर माणसांपेक्षा म्हशींना जागा जास्त होती. आबांच्या चार म्हशी, त्यांच्यावर आमचं घर चालायचं. पहाटे रिकाम्या चरवीत पहिली धार टणटण वाजायची, मग चरवी भरेल तसा तो आवाज जाड होत जायचा आणि तो अगदी जाड झाला की आम्हा दोघी बहिणींना वाकळेतून उठावंच लागायचं. उठलं की राखुंडी. गोवऱ्यांची राख फडक्यातून चाळून आई त्यात मीठ घालून ठेवायची, ती बोटावर घेऊन खसाखसा दात घासायचे. त्याच राखेनं भांडी निघायची, फक्त त्याला चाळण नाही. आई स्वतः मशेरीवाली. ती तव्यावर तंबाखू भाजायला बसली की सगळा बोळ ठसकायचा. "अगं, म्हशी खोकाय लागल्या की!" असं आबा गोठ्यातनं ओरडायचे. आईचं तोंड मशेरीनं भरलेलं, ती नुसता हात झटकायची. मग ताटलीत शिळी भाकरी कुस्करून त्यावर गरम दूध, नाहीतर खर्डा आणि दही. शालनला दुधावरची साय लागायची. माझ्या ताटलीतलीही ती काढून घ्यायची आणि मी ओरडले की जीभ दाखवायची.

केस धुवायचा वार रविवार. आदल्या दिवशी शिकेकाई भिजत पडायची, सकाळी ती मोठ्या पातेल्यात उकळत बसायची. तिचा तो आंबूस, खोकला आणणारा वास आला की शालन पळून गोठ्यात लपायची. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, दंतमंजन, ऊद, हे सगळं बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या अत्तारचाचांकडून यायचं. चाचा दुकानात बसायचे आणि त्यांची बायको हमीदाचाची घरात खलबत्ता घेऊन कुटत, चाळत, पुड्या बांधत असायची. तिचं नाक भारी तिखट होतं. मूठभर पूड नाकाशी नेऊन ती सांगायची की ह्यात एक रिठा किडका आलाय. आईची आणि तिची मैत्री अशी की सणाला एकमेकींच्या घरची भांडी कुणाची कुठली ते कळायचं नाही.

माझ्या नातीच्या न्हाणीघरात आता बाटल्यांची रांग आहे. केसांना धुवायची एक, धुतल्यावर लावायची दुसरी, वाळल्यावर तिसरी. नवी बाटली आली की मी चष्मा लावते आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसते. नात हसते, म्हणते, "आजी, तू काय परीक्षेला बसणारेस का?" मी म्हणते हसा बायांनो. पण वाचल्याशिवाय बाटली आत जाऊ देत नाही.

तर, पावडरचा डबा. माझी मावशी शाहूपुरीत दिलेली, तिच्या घरात तोंडाला लावायची पावडर असायची. पत्र्याचा उंच डबा, वर फिरवायचं झाकण, झाकणाला भोकं आणि डब्यावर गालाला फुलाचा गुच्छ लावलेली गोरी बाई. डबा संपला तेव्हा मावशीनं तो मला दिला. मी आठ दिवस तो रिकामा डबा गळ्यापाशी झटकत होते, वास तरी लागावा म्हणून. एक दिवस आबांच्या हातात तो पडला. झाकण फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आयला, भोकं काय झ्याक हाईत ह्याला!" झालं. माझ्या डब्यात गोचडांची पावडर भरली गेली. तीही पांढरीच. आबा म्हशींच्या कानामागं, कासेजवळ ती भुरभुरायचे आणि संध्याकाळपर्यंत गोचड्या टपाटपा गळायच्या. म्हशींना काही होत नव्हतं. त्या निवांत रवंथ करत बसायच्या, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते.

त्या वर्षी शालनच्या डोक्यात उवा झाल्या. सहा वर्षांची पोर, पण केस असे दाट की फणी अडकायची. खाजवून खाजवून तिनं डोक्यात फोड करून घेतले होते. आम्ही दोघी एका वाकळेत झोपणार, म्हणजे तिच्या त्या माझ्या व्हायला किती वेळ? शाळेत गॅदरिंगची तयारी चाललेली, टिपऱ्यांच्या नाचात मी पहिल्या रांगेत होते. एक दिवस बाईंनी सगळ्यांच्या देखत पेन्सिलीनं माझे केस बाजूला केले, बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "मागं जा." बस्स, एवढंच. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. मी शेवटच्या रांगेत टिपऱ्या वाजवत होते आणि माझं तोंड भाजल्यासारखं झालं होतं. घरी येऊन शालनला दोन रट्टे दिले. "तुझ्यापायी झालं हे सगळं, घाणेरडे!" ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं आज लिहितानाही समोर आहे.

उवांवर आईचा उपाय एकच, सीताफळाच्या बियांची पूड. चाची ती कुटून द्यायची, कागदाच्या पुडीत, लाल दोऱ्यानं बांधून. तेलात कालवून लावायची, फडकं बांधायचं, दोन तासांनी धुवायचं. पण ती अशी झोंबायची म्हणता! मागच्या रविवारी शालननं घर डोक्यावर घेतलं होतं, डोळ्यात थेंब गेला तर दोन दिवस डोळे लाल. शिवाय एका वेळेत भागत नाही, तीन-चार रविवार लावावं लागतं. गॅदरिंगला पाच दिवस उरले होते.

त्या रविवारी सकाळी आबा म्हशी घेऊन रंकाळ्याला गेले. आईनं वाकळांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उंबऱ्यातून मला म्हणाली, "मंगे, शालीच्या डोक्याला औषध लाव. तेलात कालव आणि वर घट्ट फडकं बांध. डोळ्यात जाऊ दिऊ नगं तिच्या. मी वाकळा धुऊन येतो, मग न्हाऊ घालतो तिला." आमच्या कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतात. आई हे एवढंच बोलली आणि गेली.

फळीवर पुडी होती. लाल दोऱ्याची, अगदी पुढं. आई कुठलं औषध म्हणत होती हे मला कळलं होतं. लहान होते, गोंधळले, असं काही झालेलं नाही. अकरा वर्षांची घोडी होते मी, घरातलं निम्मं काम करत होते. पुडीच्या मागं तो डबा होता. मला वाटलं, गोचडीसारखी गोचडी एका दिवसात गळते तर उवांचं काय घेऊन बसलात! तीन रविवार कशाला थांबायचं? आणि पोरगी रडणारही नाही. हेही मनात होतं, ते खोटं नाही. पण पहिल्यांदा मनात आली ती पहिली रांग.

शालन कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. "ताई, ते झोंबणारं नगं की गं."

"आज दुसरं हाय. हे झोंबत न्हाय."

मी डबा खाली काढला. तिचे डोळे चमकले. "पावडर? मला पावडर लावणार तू?"

"व्हय."

"मग गालाला बी लाव. त्या बाईवानी."

"गालाला नगं," मी म्हणाले. "गालाला लावायचं न्हाय ते."

आता बघा. गालाला लावायचं नाही एवढं मला कळत होतं. तरी तेलात चांगली दाट कालवून मी तिच्या फोडांवर, भांगात, कानामागं ती रगडून लावली आणि आई म्हणाली होती तसं वर घट्ट फडकं बांधलं. शालन खुशीत मान डोलवत बसून होती. "न्हाय झोंबत गं ताई," असं तीनतीनदा म्हणाली. मी डबा परत फळीवर ठेवला, हात राखेनं धुतले, दोनदा, आणि गोठ्यात जाऊन टिपऱ्या घोकायला लागले.

तासाभरानं ती ओकली. मला वाटलं दूध लागलं असेल. मग तिची बोटं थरथरायला लागली, मग ओठ. "ताई, मला कसंतरी हुतंय," म्हणाली आणि उभ्या उभ्या कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय आपटायला लागली. मी किंचाळले. बोळातल्या बाया धावत आल्या. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी म्हणालं जंत झालेत, कुणी म्हणालं ऊन बाधलं, एक म्हातारी बाहेरचं म्हणून अंगारा आणायला पळाली. मी खांबाला धरून उभी होते. तिथं एकटी मीच होते जिला ठाऊक होतं. फडकं सोडा, डोकं धुवा, एवढंच म्हणायचं होतं. आत्ता सांगते, आत्ता सांगते, असं मी मनात म्हणत होते आणि तोंड उघडत नव्हतं. आबा मारतील म्हणून. बाई हसतील म्हणून. देवा, काय काय कारणं होती ती! लिहिताना अजून वाटतं की ह्या ओळीला तरी मी बोलेन.

आई आली. ओल्या वाकळा बोळातच टाकून तिनं शालनला मांडीवर ओढलं. "काय झालं गं माझ्या बाळाला! टाळू तापलीया बगा तिची, टाळू भरा!" आमच्याकडं लहान मुलाला काहीही झालं, ताप येवो, झटका येवो, आधी टाळूवर तेल थापायचं, डोकं थंड करायचं. आई मला म्हणाली, "मंगे, तेल आण, भरून आण!" आणि मी आणलं. वाटी भरून. माझ्या ह्या हातानं दिलं. आईनं फडक्यावरनंच ते सगळं तेल डोक्यावर ओतलं, वरनं तळव्यानं थापलं, चांगलं जिरवलं. मी बघत उभी होते.

हमीदाचाची आली ती हाताला शिकेकाईचा भुगा तसाच घेऊन. तिनं बायांना बाजूला सारलं, वाकली आणि शालनच्या डोक्याशी नाक नेलं. तशीच थांबली. मग मान वर करून म्हणाली, "ह्या माझ्या बिया न्हाईत. पोरी, काय लावलंस हिला?"

"आई म्हणाली ते."

"काय म्हणाली?"

"औषध लाव म्हणाली."

"कुठलं औषध? दाव मला!"

मी फळीकडं हात केला. चाचीनं वर बघितलं. लाल दोऱ्याची पुडी होती तिथंच होती, गाठ न सुटलेली. तिच्या शेजारी तेलकट बोटांचे ठसे उमटलेला डबा. चाचीनं माझ्याकडं बघितलं, एकदाच, आणि ओरडली, "पाणी आणा! रिठे आणा माझ्या घरातनं, पळा!"

न्हाणीत शालनला आडवी धरून आईनं आणि चाचीनं डोकं धुतलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. पण तेल इतकं मुरलं होतं की फेस धरत नव्हता. चाची कात्रीनं केस कापत सुटली, ते दाट केस मोरीत तुंबले. कुणीतरी रंकाळ्यावर निरोप दिला, आबा टांगा घेऊन आले. दवाखान्यात जाईपर्यंत वाटेत दोन झटके आले. मध्ये एकदा तिनं डोळे उघडले, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटली. ते काय होतं ते मला कळलं नाही. टांग्याचा आवाज फार होता.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. कधी लावलं, कधी धुतलं, एवढं विचारलं. मग म्हणाले, "लगेच धुवायला पाहिजे होतं. आणि वर तेल कशाला ओतलंत? तेलानं ते आणखी आत गेलं." आईनं ते ऐकलं. तिनं स्वतःच्या दोन्ही तळहातांकडं बघितलं आणि तशीच बघत राहिली. संध्याकाळच्या धारेच्या वेळेला शालन गेली.

दवाखान्याच्या आवारात आबांनी मला दंडाला धरून विचारलं, "का लावलंस त्यातलं?" मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी म्हणाले, "आई औषध म्हणाली." आबांनी माझा दंड सोडला आणि आईकडं वळले. आई भिंतीशी बसली होती. म्हणाली, "व्हय. मी औषध म्हटलं तिला. पुडी म्हणाया पायजे हुतं." झालं, तिथं माझी सुटका झाली. कुणी मला पुन्हा काही विचारलं नाही. आबा आईशी वर्षभर बोलले नाहीत, तिच्या हातची भाकरी ताटात पडली की खाली मान घालून खायचे आणि उठायचे. मी दोघांच्या मध्ये बसून जेवत होते.

आईनं त्या दिवसापासून औषध हा शब्द टाकला. कधी म्हणजे कधी उच्चारला नाही. गोळी म्हणायची, बाटली म्हणायची, मलम म्हणायची, वस्तूचं नाव घेऊन, रंग सांगून, दोनदा विचारून. "कुठली बाटली? सांग बगू मला परत." आणि डोक्याला तेल लावायचं सोडलं. तिचे केस वाळून पिंजारले, बाया टोकायच्या, ती ऐकून घ्यायची. मला मात्र उभ्या जन्मात एका शब्दानं बोलली नाही, उलट मी जेवले नाही तर मागं मागं फिरायची. चाचीला सगळं दिसलं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी हळदीची पूड द्यायला आली तेव्हा माझी हनुवटी धरून हळूच म्हणाली, "पुडी तर पुढंच हुती, बेटा." मी हळद घेऊन आत गेले. तिनं ते पुढं कधी काढलं नाही, आईला तर नाहीच नाही. चाची गेली तेव्हा मी ढसाढसा रडले, आणि खरं सांगते, आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं.

मी गारगोटीला नांदायला गेले. आबा गेल्यावर आईला तिथंच घेऊन आले. शेवटचे सहा महिने ती अंथरुणावर होती. एका दुपारी मी चमच्यात खोकल्याचं ओतून तिच्याजवळ गेले आणि गडबडीत तोंडातनं निघून गेलं, "आई, औषध घे." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी चमचा धरून उभी. तशीच भिंतीकडं बघत ती म्हणाली, "मंगल, एक इचारू?"

"इचार की."

"तवा मी पुडी म्हटलं असतं, तर तू पुडीच घेतली असतीस न्हवं?"

चाळीस वर्षं तिचं हे विचारायचं राहिलं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. सांगायला एवढी चांगली वेळ मला परत मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. नाही आई, नसती घेतली. मला ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं, आणि ती बाई मरायच्या आधी मोकळी झाली असती.

मी म्हणाले, "जाऊ दे की आई आता. किती वर्षं झाली त्याला."

तिनं मान वळवली. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "माफ केलंस बग मला लेकी. केलंस न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय आई. केलं."

मग मी चमचा तिच्या ओठांशी नेला आणि तिनं तोंड उघडलं.